पान सातवरची चौकट

१

चोरीला गेली ती एक चौकट होती. पान सातवरची, चारी बाजूंनी काळी रेघ ओढलेली. कागदावर ती जागच्या जागी होती. आवाजातून मात्र नाहीशी झाली होती.

हे मला मंगळवारी सकाळी ताईंनी सांगितलं. ताई म्हणजे आमच्या संस्थेच्या संस्थापक. अपंगांच्या हक्कांसाठी त्या सव्वीस वर्षं चाकांच्या खुर्चीत बसून भांडत आल्या, आणि आता डॉक्टरांनी त्यांना भांडण बंद करायला सांगितलं होतं. त्यांच्या जागी मुख्य कार्यकारी नेमायचा होता. दोन उमेदवार उरले होते, एक वकीलबाई आणि दुसरा आमच्या ऑफिसचा कारभारी. दोघांनीही आपण संस्था कशी चालवू याची योजना लिहून दिली होती, आणि निवड समितीच्या तिघांनी एकमेकांशी न बोलता, आपापल्या घरी बसून त्या योजनांना गुण दिले होते.

समितीचे अध्यक्ष सर, निवृत्त मुख्याध्यापक. पन्नाशीत त्यांची दृष्टी गेली. त्या वयात बोटांना ब्रेल लिपी वळली नाही, म्हणून ते सगळं ऐकतात. यंत्राच्या आवाजात सगळी माणसं एकसारखी वाटतात असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे महत्त्वाचे कागद माणसाने वाचून रेकॉर्ड करायचे, असा आमच्याकडे रिवाज पडला. तो माणूस मी. चाळीस वर्षं ग्रंथपाल होतो. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, पण दुसऱ्याचं लिहिलेलं समोर असलं की मी तासन् तास वाचू शकतो. सुरू केलं की मधे अडखळायला आवडत नाही. एक ओघ पुरा करायचा, मग बाकीचं.

"वकीलबाई सहा गुणांनी मागे पडल्या," ताई म्हणाल्या. "सरांनी एका मुद्द्यावर वीसपैकी दोन दिलेत. कारण लिहिलंय, घरात अडकून पडलेल्या माणसांचा विचार योजनेत कुठेच नाही. आज बाईंचं पत्र आलं. पान सातवर चौकट आहे, ती अध्यक्षांपर्यंत पोचली नाही का, म्हणून विचारतायत."

"मी ती वाचलीय."

"मी रेकॉर्डिंग लावून बघितलं, काका. पान सात संपतं आणि तुम्ही सरळ आठवर जाता."

"मी ती वाचलीय," मी पुन्हा म्हणालो. दाराला कुलूप लावलं की नाही हे तीनदा मागे फिरून बघणारा मी माणूस. पण ही गोष्ट मला पक्की आठवत होती, कारण ती चौकट वाचताना मी मधेच अडखळलो होतो.

ताईंनी खुर्ची खिडकीकडे वळवली. "म्हणजे कुणीतरी ती कापली. माझ्या संस्थेत." मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "शुक्रवारी विश्वस्त नेमणुकीवर सही करतील. प्रक्रियेत दोष दाखवता आला तरच गुण पुन्हा उघडता येतात. कोणी कापली ते तुम्ही शोधा."

"मी?"

"तुम्हाला कोणी घाबरत नाही. तुमच्यापुढे माणसं बोलतात."

घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "स्वतःच्या घरात दुसरा चहा मागायला लाजता तुम्ही. चोर सापडला तर त्यालाच सॉरी म्हणून याल."

ती निम्मी बरोबर निघाली.

२

वकीलबाईंचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. कपाटं होती ती सगळी कमरेइतक्या उंचीची. हात वर करून काही काढायची गरजच पडू नये अशी खोली. त्या चाकांच्या खुर्चीत, मांडीवर फायलींचा ढीग.

"तुम्हीच तो आवाज का?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं होतं, उंच असाल."

मी माफी मागितली. उंचीबद्दल. त्या मोठ्याने हसल्या.

"हे बघा काका, कोणी कापली यात मला फारसा रस नाही. रोज कोर्टात चोर बघते. मला एवढंच हवंय की माझी योजना पुरी ऐकली जावी. ऐकून नापास करा, काही हरकत नाही."

मी विचारलं, त्या चौकटीत तुमचं विशेष काय होतं.

"एकोणीस वर्षांची असताना पडले. नंतर सहा वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. लिफ्ट नाही. रस्त्यापलीकडच्या हॉलमध्ये तुमच्या संस्थेच्या सभा भरायच्या. खिडकीतून माईकचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, टाळ्या तेवढ्या कळायच्या." त्यांनी मांडीवरची फाइल सारखी केली. "म्हणून मी लिहिलं, ज्याला जिना उतरता येत नाही त्याच्या घरी सभा भरवायची. दर महिन्याला एक घर. पहिली सभा माझ्या त्या जुन्या खोलीत."

मी मान हलवली. वाचतानाही मी इथेच अडकलो होतो.

"आणखी एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या शहरातल्या लॉ कॉलेजने मला शिकवायला बोलावलंय. चांगली जागा आहे. उद्या संध्याकाळी सहापर्यंत त्यांना उत्तर द्यायचंय. पण मला ही जागा हवीय. का हवीय ते आता तुम्हाला कळलंच. उद्या सहाच्या आत तुमच्याकडून काही कळलं तर मी त्यांना नाही म्हणेन. फार काही नको, नुसता फोन करा."

"करतो," मी म्हणालो.

३

सरांच्या घरी प्रत्येक खुर्चीची जागा ठरलेली आहे. मी बसताना माझी खुर्ची वीतभर सरकली, तर आवाजावरून त्यांनी ओळखलं. "निघताना होती तिथे ठेवा हं, ग्रंथपाल. नाहीतर रात्री माझी नडगी फुटायची."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

"पुरी योजना ऐकलीत, सर?"

"दोनदा. मी मोजून ऐकतो, दोघांना सारखा न्याय. कारभाऱ्याची योजना त्रेचाळीस मिनिटं, बाईंची अठ्ठेचाळीस."

"शेवटपर्यंत?"

"अहो, तुम्ही 'मजकूर समाप्त' म्हणेपर्यंत! शाळेत पोरांना घंटा होईस्तोवर जागचं हलू दिलं नाही, आणि मी स्वतः आधी उठेन?"

मला पुढचा प्रश्न विचारवत नव्हता. मी चष्मा पुसला. तेवढ्यात तेच म्हणाले, "तुम्हाला विचारायचंय, माझा तिच्यावर राग आहे का. आहे. म्हणजे होता. भर सभेत मला म्हणाली होती, सर, तुम्ही बोलता फार आणि ऐकता कमी. आठ दिवस जेवण गेलं नाही मला."

"मग?"

"मग काय, खरंच होतं ते. तेव्हापासून मोजून ऐकायला लागलो." त्यांचा हात टेबलावरच्या, रेकॉर्डिंग ऐकायच्या छोट्या यंत्राकडे गेला आणि मधेच थांबला. "ती चौकट खरोखर आहे?"

"आहे, सर."

"म्हणजे जिने मला ऐकायला शिकवलं तिलाच मी न ऐकता नापास केलं."

खोटं बोलणारी माणसं अशी दिसत नाहीत, असं मला वाटलं. पण मला काय वाटतं यावर मी आजवर कधी विसंबलो नाही. राग होता, आणि यंत्र त्यांच्याच घरात होतं.

४

दुसरा उमेदवार आमचाच माणूस. बारा वर्षं ऑफिसचं सगळं तोच बघतो, म्हणून त्याला सगळे कारभारी म्हणतात. बुधवारी सकाळी मी गेलो तेव्हा तो प्रिंटरच्या पोटात हात घालून अडकलेला कागद ओढत होता.

"या काका. चोराच्या घरी स्वागत आहे."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? फायदा माझा, कॉम्प्युटरची चावी माझ्याकडे. कालपासून मी आत आलो की बोलणं थांबतं." कागद सुटला. त्याने तो हातानेच सारखा केला. "बसा. एकच दाखवतो."

त्याने कॉम्प्युटरवर दोन नोंदी उघडल्या. एक मी रेकॉर्ड केलेली मूळ फाइल, दुसरी सरांना पाठवलेली प्रत.

"वाचा लांबी."

दोन्हींपुढे बावन्न मिनिटं लिहिलं होतं.

"कापलं असतं तर प्रत आखूड झाली असती ना? तुम्ही केलंत तेच सरांकडे गेलं. जसंच्या तसं."

"पण सर अठ्ठेचाळीस म्हणतात."

कारभाऱ्याने दोन्ही नोंदी पुन्हा उघडून बघितल्या. चार मिनिटं कमी पडत होती, आणि ती कुठे गेली हे दोघांनाही सांगता येत नव्हतं.

"तुमच्या योजनेचं काही गळलं का?" मी विचारलं.

"छे. माझ्यात चौकटी-बिकटी काही नाहीत. मला कुठे येतंय तसं सजवून लिहायला? सुचलं तसं सरळ लिहीत गेलो." मग खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगू? तिची योजना मीच छापली. पान सात छापताना थांबून वाचलं. बारा वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नाही."

मी उठलो, आणि दारात मला एक गोष्ट आठवली. नऊ वर्षं माझं रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या मुलीला चार महिन्यांपूर्वी फोनच्या टेबलावर बसवलं होतं. बदली कारभाऱ्यानेच केली होती, निवडीची जाहिरात निघायच्या जरा आधी.

"रेकॉर्डिंगवालीला तिथून का हलवलंत?"

त्याचा चेहरा बंद झाला. "ते तिलाच विचारा, काका. मी सांगणार नाही."

५

मदतीचे फोन घेण्याच्या खोलीत ती एकटी होती. रेकॉर्डिंग सुटलं तरी तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी रेकॉर्डिंगवालीच. मी तिच्या उजवीकडची खुर्ची ओढली, तर ती पटकन म्हणाली, "इकडे बसा ना काका, या बाजूला." मी डावीकडे बसलो.

दोन दिवस मी लोकांना आडून आडून विचारत होतो. त्याचा मला कंटाळा आला होता. शिवाय या मुलीशी मी त्यातल्या त्यात मोकळा होतो. बहुधा म्हणूनच जे कुणालाही विचारलं नाही ते तिला सरळ विचारलं.

"वकीलबाईंच्या रेकॉर्डिंगला तू काही केलंस का?"

"हे तुम्ही मला विचारताय?"

"तुला त्यातलं कळतं, म्हणून..."

"काही केलं नाही मी. काहीच केलं नाही, तेच तर झालंय!" तिचे डोळे भरले. फोन वाजला, तिने तो डाव्या कानाला लावला, कुणाला तरी शांतपणे पत्ता सांगितला आणि ठेवला. मग म्हणाली, "उजव्या कानाने मला ऐकू येईनासं झालंय, काका. कारभाऱ्यांना तेवढं सांगितलं होतं. घरी लग्नाची बोलणी चाललीत, म्हणून कुणाला सांगू नका म्हटलं. त्यांनी नाही सांगितलं. लोक त्यांना चोर म्हणतायत तरी नाही सांगितलं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"माझ्यानंतर कोणी आलंच नाही," ती म्हणाली. "तुमचं रेकॉर्डिंग होतं तसं पुढे जातं. कोणी हात लावत नाही."

"आणि आधी? आधी कोण हात लावायचं?"

तिने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तुम्ही स्वतःचं रेकॉर्डिंग कधी ऐकलंय?"

"नाही. मला माझा आवाज सहन होत नाही."

"आज ऐका. शेवटपर्यंत ऐका."

६

दुपारी साडेतीनला घरी मी रेकॉर्डिंग लावलं. बायको शेजारी मटार सोलत होती. माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "किती छान वाचता हो. घरात असं कधी बोलत नाही."

पान सात आलं. सात संपलं आणि आठ सुरू झालं. ताई म्हणाल्या होत्या तसंच. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला मी म्हणालो, "मजकूर समाप्त."

आणि आवाज चालूच राहिला.

खुर्ची करकरली. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज. पानं उलटी चाळत कुणीतरी मागे जात होतं. जवळजवळ अर्धा मिनिट हे चाललं. मग माझाच आवाज, "आता चौकटी आणि तळटिपा. पान सात." आणि पुढे ती चौकट, सबंध, माझ्या अडखळण्यासकट.

कापली कोणीच नव्हती. मी ती शेवटी वाचली होती. मी नेहमीच शेवटी वाचत आलोय, आणि सवय इतकी मुरली होती की ती मला दिसतही नव्हती.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. लांबी बावन्न, म्हणजे कारभारी खरं बोलला. सर 'समाप्त'ला थांबले, कारण नऊ वर्षं त्यांच्या कानांना 'समाप्त'नंतर काही ऐकूच आलेलं नव्हतं. त्यांच्याकडे पोचणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये चौकटी जागच्या जागी असायच्या. त्या मी तिथे ठेवत नव्हतो. ती मुलगी ठेवत होती. माझ्या रेकॉर्डिंगच्या शेपटातली एकेक चौकट उचलून त्या त्या पानावर नेऊन बसवत होती, नऊ वर्षं, आणि मला कळूही देत नव्हती.

का कळू देत नव्हती, तेही आठवलं. पहिल्याच वर्षी तिने एकदा हसत म्हटलं होतं, "काका, चौकट तिथल्या तिथे वाचाल का?" मी इतक्यांदा माफी मागितली की ती बिचारी गोंधळून गेली. नंतर दोन आठवडे मी संस्थेत फिरकलोच नाही. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. तेवढं ऐकून घ्यायची ताकद माझ्यात असती, तर तिच्या कानावर कुणाचंच काही अडलं नसतं.

घड्याळात साडेचार वाजले होते. चोर सापडला होता, आणि त्याच्याकडे अजून दीड तास होता.

७

"फोन करा त्यांना," बायको म्हणाली.

"करतो. आधी नीट लिहून घेतो. तोंडाने मला जमायचं नाही."

पहिल्या कागदावर मी नऊ वर्षांचा सगळा इतिहास लिहिला. वाचून पाहिला तर त्यात मीच बिचारा दिसत होतो. फाडला. दुसऱ्यात चार वेळा क्षमा मागितली होती. तिसऱ्यात मुलीच्या कानाचा उल्लेख आला. तो करायचा मला काय अधिकार? तोही फाडला. मग वाटलं, आधी ताईंना सांगायला हवं, चौकशी त्यांनी दिलीय. की सरांना? गुण त्यांचे. समितीला डावलून उमेदवाराला परस्पर कळवणं नियमात बसतं का?

बायकोने फोन आणून कागदावर ठेवला. "नुसतं हॅलो म्हणा. पुढचं आपोआप येईल."

"एवढा एक परिच्छेद होऊ दे."

सहाव्या कागदावर वाक्यं जमली. मी ती दोनदा मनात म्हणून पाहिली आणि नंबर फिरवला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी वाचून दाखवलं.

"काका, मी सहाला त्यांना हो म्हटलं."

"आता परत... म्हणजे त्यांना सांगून..."

"फोन चालू असतानाच त्यांनी वर्गाच्या पायऱ्या फोडून खुर्चीसाठी उतार करायला माणसं लावली. मी शब्द दिलाय. तो मोडून तुमच्याकडे येऊ, आणि मग लोकांनी शब्द पाळावा म्हणून भांडू?" मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "साडेचारला."

"मग?"

"लिहीत होतो. नीट सांगता यावं म्हणून."

त्या रागावतील म्हणून मी वाट पाहिली. त्या रागावल्या नाहीत. दमल्यासारख्या वाटल्या.

"सहाला पाच कमी असताना नुसतं 'थांबा' म्हणाला असतात तरी चाललं असतं, काका. कारण काय ते मी नंतर ऐकलं असतं."

यावर माझ्याकडे काही लिहिलेलं नव्हतं.

पुढे शुक्रवारी गुण उघडले. सरांनी ती चौकट तीनदा ऐकली आणि वीसपैकी सतरा दिले. वकीलबाई नऊ गुणांनी पुढे निघाल्या. त्यांचं नाव पहिलं लिहून, त्यापुढे 'उपलब्ध नाहीत' असा शेरा मारून विश्वस्तांनी कारभाऱ्याच्या नेमणुकीवर सही केली. त्याचं अभिनंदन करायला गेलेल्यांना तो म्हणाला, "मी निवडला गेलो नाही हो, मी उरलो." ताईंना अहवालात तांत्रिक त्रुटी असं लिहायचं होतं. मी नको म्हटलं. रेकॉर्डिंगवालीची माफी मागायला गेलो, तर ती म्हणाली, "आता पुन्हा दोन आठवडे गायब होऊ नका."

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी फोन ठेवण्याआधी वकीलबाई म्हणाल्या, "एक काम करा. माझी योजना पुरी होती, एवढं मला लिहून पाठवा. कोणाचं काय चुकलं ते नको. मला ते जपून ठेवायचंय."

फाडलेले कपटे बायकोने गोळा करून नेले होते. मी कोरा कागद घेतला. आपल्या योजनेत घरात अडकलेल्या माणसांचा विचार होता, तो सर्वांत चांगला होता, आणि तो माझ्यामुळे वेळेवर पोचला नाही, असं लिहिलं. खाली सही केली.

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.